मागच्या गेटनं

वडील पहाटे गेले. उजाडल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी दारात आला. चप्पल न काढता उभा.

"राग मानू नका," म्हणाला. "पण तिरडी पुढं बांधू नका. मागच्या गेटनं न्या. आज वरचा रिकामा फ्लॅट बघायला पार्टी येतेय. तुमची गावची माणसं येणार, बायका मोठ्यानं रडणार. सगळ्यांचाच भाव पडतो हो."

आत वडिलांना अजून आंघोळही घातली नव्हती.

मी म्हणालो, "बरं."

वडिलांनी पेणच्या खाडीला मिठागरावर जन्म काढला. पायाला भेगा, भेगांत मीठ. त्या पायांवर मी शिकलो, रोह्याला कंपनीत लागलो, हा फ्लॅट घेतला. इथं मिठागराचं नाव कधी काढलं नाय. वडील खाली बाकावर जाऊन बसले की वर बोलवायचो.

तिरडी बांधली कचऱ्याच्या डब्यांजवळ. बायकांना मी हातानं गप्प केलं. काकांनी विचारलं, "पुढचा गेट बंद हाय का रे?"

"व्हय. बंद हाय."

गेट उघडा होता. खांदा देऊन वळताना काकांनी तो बघितला. तेराव्यानंतर घरी यायचे बंद झाले.

घाबरलो होतो असं सांगता येईल. पण ते खरं नाय. मला सेक्रेटरीचं पटलं होतं. पार्टीनं चांगला भाव दिला तर माझ्याही फ्लॅटचा वाढणार होता. बापाचं प्रेत घरात होतं, आणि मी हा विचार केला.

दिवाळीनंतर दुसऱ्या मजल्यावरच्या सलीमची आई गेली. सलीम भाडेकरू. मी भेटायला गेलो, तर सेक्रेटरी आधीच तिथं. माझ्याकडं बोट करून सलीमला म्हणाला, "यांनीसुद्धा वडिलांना मागूनच नेलं. एक शब्द बोलले नाहीत. समजूतदार माणूस."

सलीमनं माझ्याकडं बघितलं. मला खाली बघावं लागलं. माझ्या एका 'बरं'चा सोसायटीवाल्यांनी नियम केला होता, आणि तो आता दुसऱ्याच्या आईवर चालवत होते.

मी म्हणालो, "समजूतदार नव्हतो. मला बापाची लाज वाटली. सलीम, आईला पुढनं न्यायचं."

"कमिटीचं ठरलंय," सेक्रेटरी म्हणाला.

"मग कमिटीला खाली पाठवा. मी गेटात हाय."

गेलो, उभा राहिलो. वॉचमन बाजूला झाला. जनाजा पुढच्या गेटनं निघाला, मी खांदा दिला. गॅलऱ्या भरल्या होत्या. खाली कोणी आलं नाय.

यानं वडिलांचं काही फिटत नाय. त्यांना कचऱ्याशेजारनं नेलं ते नेलंच. गावी जाऊन काकांना खरं सांगितलं. ते जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाव हाय मना." पाणीसुद्धा विचारलं नाय. मीही माफी मागितली नाय. मागण्यासारखं तोंड नव्हतं.

सोसायटीत आता म्हणतात, फ्लॅट विकून जा. नाय जाणार. सेक्रेटरीला सांगितलंय, नियम करायचा तर सभेत करा, माझ्यासमोर. मेलेल्याच्या दारात जाऊन नाय. पुन्हा कुणाच्या दारात गेलात, तर तिथं मी असेन.