सहाशे चौदा स्थळं

भुसावळच्या टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त होऊन बन्सीलाल नारखेडे जळगावात राहायला आले, तेव्हा आता आराम करणार असे ज्याला त्याला सांगत होते. पण समाजाच्या वधू-वर मेळाव्याची परिचय पुस्तिका त्यांच्या गळ्यात पडली, ती नऊ वर्षे झाली तरी उतरलेली नाही. मुलीची उंची इंचभर वाढवा, मुलाच्या पगाराचा आकडा नको, फोटो दुसरा घ्या, असे फोन दिवसभर चालू असतात. बन्सीलाल चिडतात, आणि चिडत चिडत दुरुस्ती करतात.

हे काम ते लिनक्स या प्रणालीवर करत. त्याच कम्प्युटरवर पत्नी मोहिनीबाईंसाठी विंडोज होते. मशीन सुरू केले की आधी पडद्यावर दोन नावे येत. ज्याला जे हवे ते त्याने निवडावे.

यंदा खंडेनवमीला पहूरचा भाचा भूपेंद्र आला. शेतातली अवजारे धुऊनपुसून पुजतात, तसे मशीनही साफ करूनच पुजायला हवे असे त्याच्या मनाने घेतले. मामा बाजारात गेलेले पाहून त्याने जुने विंडोज काढून नवे टाकले, आणि त्यासाठी टेबलावरचा पेनड्राइव्ह पुसून वापरला. मोहिनीबाईंनी हळदकुंकू वाहिले. पुजलेल्या वस्तूला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, त्यामुळे दोन दिवस कुणाला काही कळले नाही.

एकादशीला सकाळी बन्सीलाल बसले, तर कम्प्युटर तडक विंडोजमध्ये शिरला. दोन नावे आलीच नाहीत. यादी संध्याकाळी सहाला छापखान्यात द्यायची होती. सहाशे चौदा मुलामुलींची माहिती लिनक्सच्या भागात, तिची एकुलती नक्कल पुसलेल्या पेनड्राइव्हवर, आणि कागदी अर्ज पालकांनी फोटोसकट कधीच परत नेलेले. वर विंडोज विचारत होते, हा भाग वाचता येत नाही, फॉरमॅट करू का?

मोहिनीबाईंकडून खंडेनवमीची साफसफाई कळल्यावर त्यांनी भूपेंद्रला फोन लावला.

“हो म्हना ना मामा. रिकामंच हाये ते.”

“रिकामं? अर्ध्या तालुक्याची लग्नं आहेत त्यात,” असे म्हणून बन्सीलालनी फोन ठेवला आणि माउस टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सारला.

मग त्यांनी प्राचीला गाठले. ती एकेकाळी एक्सचेंजमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेली, आता धुळ्याच्या एका कॉलेजात कम्प्युटर शिकवते. तिने आधी एकच विचारले, फॉरमॅटला हो तर म्हटले नाही ना? नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. लिनक्स बहुधा जागच्या जागी आहे, ती म्हणाली. सुरुवातीला दोन नावे दाखवणारा छोटा प्रोग्राम, बूटलोडर, तेवढा नव्या विंडोजने पुसला. लिनक्सची जुनी सीडी शोधा, तिच्यावरून मशीन सुरू करा, मी सांगते तसे टाइप करा.

सीडी शोधण्यात दीड तास गेला. टाइप करायला बसावे, तर मध्येच रावेरच्या एका आईचा फोन. मुलीच्या रंगापुढे ‘गोरा’ खोडून ‘गव्हाळ’ लिहा, पुढे बोलणी खायला नकोत. तो घेण्याच्या नादात बन्सीलालनी प्राचीचाच फोन कापला. चाळीस वर्षे लोकांचे फोन जोडणारा माणूस, हे मोहिनीबाई स्वयंपाकघरातून ऐकू जाईल इतपतच पुटपुटल्या.

पहिल्यांदा आज्ञा दिली ती मशीनने नाकारली. प्राचीने एकेक अक्षर वाचायला लावले. डिस्कच्या नावापुढे त्यांनी भागाचा आकडाही लिहिला होता.

“आकडा काढा सर. बूटलोडर अख्ख्या डिस्कवर बसवायचा, एका भागावर नाही.”

त्यांनी आकडा काढला. चार ओळी सरसर आल्या. पुढच्या आज्ञेने विंडोजही शोधून काढले. सीडी काढून मशीन पुन्हा सुरू केले, तर पडद्यावर दोन्ही नावे हजर. बन्सीलालनी लिनक्स निवडले, यादी उघडली आणि शेवटच्या स्थळापर्यंत सगळी नावे डोळ्यांखालून घातली. मग रावेरच्या मुलीचा रंग बदलला आणि पाच वाजून चाळीस मिनिटांनी यादी छापखान्याला पाठवली.

भूपेंद्र सकाळच्या त्या बोलण्यानंतर फोन उचलत नाही, तुम्ही रागावलात म्हणून घाबरला असेल पोरगा, असे मोहिनीबाई म्हणाल्या.

“रविवारी जेवायला बोलाव त्याला,” बन्सीलाल म्हणाले. “मी घरात असेन तेव्हाच.”