दोघींची सही

कॅसेटबाईंना ‘मला येत नाही’ म्हणायची कधी लाज वाटली नाही. कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्याशेजारी त्या पोत्यावर बसायच्या, वही उघडायच्या आणि म्हणायच्या, “हे काटे कसे बसवता, मला शिकवा. जल्दी न्हाई.” जिल्हा परिषदेच्या शाळेतली पन्नाशीची बाई घड्याळवाल्याची शिकवणी घेते, म्हणून लोक हसत. बाईंच्या ते गावीही नसे.

नाव मुलांनी ठेवलेलं. मी त्या शाळेत नव्यानं रुजू झाले तेव्हा बाई स्वतःचा टेपरेकॉर्डर पिशवीतून वर्गात आणत, मुलांचं वाचन त्यात भरत आणि त्यांनाच ऐकवत. चौथीतली एक मुलगी वर्गात तोंडच उघडायची नाही. बाईंनी मधल्या सुट्टीत तिला एकटीला बसवून धडा वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी टेप लावला तर सगळा वर्ग विचारतोय, “बाई, ही कोण वाचून राह्यली?” कोपऱ्यातली ती मुलगी हळूच उभी राहिली. बाई म्हणाल्या, “आपला आवाज आधी आपल्याला ऐकू यावा लागतो. मंग बाकीच्यांना येतो.”

शिक्षकांमध्ये मात्र त्या एकट्या होत्या. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच वारला होता, मूलबाळ नव्हतं. चहाच्या वेळी आम्ही सगळे टेबलाभोवती आणि बाई खिडकीपाशी पुस्तक घेऊन. त्यांच्यामुळे आमचा आळस उघडा पडायचा. मला बाई आवडायच्या, तरी चहाला मी टेबलापाशीच बसायचे.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना शाळेत संगणक आला. बिघडला तर कोण निस्तरणार, म्हणून मुख्याध्यापकांनी तो खोक्यासकट कपाटात ठेवला. बाईंनी दर रविवारी परतूरला जाऊन, कॉलेजच्या पोरांमध्ये बसून संगणक शिकून घेतला आणि मुख्याध्यापकांपुढे उभ्या राहिल्या. ते म्हणाले, दोन शिक्षकांनी जबाबदारी लिहून द्या, मग काढू.

बाई कागद घेऊन माझ्याकडे आल्या. “माझी सही झाली. आता तुझी पाहिजे. बिलकुल भिऊ नको, मी आहे ना.”

“विचार करून सांगते,” मी म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी केली. पुन्हा विचारलं नाही. वर्ष तसंच सरलं आणि त्या बहिणीकडे भोकरदनला निघून गेल्या. निरोप समारंभात त्यांच्या शिकण्याच्या आवडीवर मी चांगली दहा मिनिटं बोलले.

तीन वर्षांनी नवे मुख्याध्यापक आले. त्यांनी खोकं उघडायला लावलं आणि विचारलं, “हा चालवता कुणाला येतो?” कुणालाच येत नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत मी भोकरदन गाठलं. बहीण वारली होती, बाई एकट्याच राहत होत्या. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. त्यांनी मला आपल्याकडे ठेवून घेतलं. गल्लीतल्या संगणकाच्या क्लासमध्ये आठ दिवस मला खुर्चीवर बसवून स्वतः शेजारी बसल्या. “आता पडद्यावर काय आलं? वाच,” म्हणायच्या, आणि पुढचं तोंडी सांगायच्या.

निघायच्या दिवशी मी म्हणाले, “बाई, तेव्हा मी सही करायला हवी होती.”

वाटलं, जाऊ दे गं, म्हणतील.

“हो,” त्या म्हणाल्या. “करायला पाहिजे होती. माझ्याकडं एकच वर्ष होतं.”

मग डब्यात दशम्या भरून त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या.

शाळेत संगणक सुरू झाला. मुलांनी पडद्यावर आपापली नावं लिहिली. मी बाईंना सविस्तर पत्र घातलं. उत्तर आलं नाही. संक्रांतीनंतर जाऊन पाहिलं, तर दाराला कुलूप आणि माझं पत्र फटीत तसंच अडकलेलं.

“बाई तर कवाच वारल्या,” शेजारीण म्हणाली. “कळवावं म्हणलं, पर कुणाला कळवावं?”