पांघरुणाचं टोक

"पडला तो सडला!" म्हणायचं, पांघरुणाचं टोक धरायचं आणि सर्रकन ओढायचं, ही आमच्या शेजारच्या काकाजींची रीत. आर्वीजवळ त्यांचं वांग्या-मेथीचं शेत. दिवसाढवळ्या कुणी आडवं दिसलं की यांच्या पोटात दुखायचं. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेलच. सुट्टीच्या दिवशी माझंही पांघरूण त्यांनी ओढलंय.

काकू तापाने पडल्या तेव्हाही तेच. बाजाराचा दिवस होता. "ऊठ व, वांगे कोण तोडन?" काकू उठल्या, वांगी तोडून आल्या आणि त्याच आठवड्यात न्यूमोनियाने गेल्या. काकाजी खूप रडले. तरी नंतर म्हणायचेच, "जराशी आळशी होती, पन गुनाची होती."

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने त्यांनाच खाटेवर पाडलं. येईल त्याची माफी मागत पडलेले. "जेवन जात नाई, उठवत नाई. आळस भरला, सर, आंगात. लाज वाटून राह्यली."

मला बघवेना. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि शिकवायची खोड घरीही जात नाही. म्हणालो, "काकाजी, हा आळस नाही. अंगात रोग शिरला की त्याच्याशी लढणाऱ्या पेशी खबर देतात. पोटातून मेंदूकडे जाणारी एक नस ती खबर वर पोचवते. मग मेंदूच हुकूम सोडतो, खाऊ नको, उठू नको, पडून राहा."

वाटलं, माणूस हलका होईल. त्यांनी मान वळवून शेजारच्या, काकूंच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"सगळ्यायलेच असा हुकूम येते?"

"सगळ्यांना."

"मंग थे बी हुकमानंच पडली होती."

मी घाईने म्हणालो, "न्यूमोनिया होता काकाजी, पडून राहिल्या असत्या तरी..."

"तरी तेवढा दिवस तं निजली असती."

ते बरे झाले, पण ती म्हण पुन्हा तोंडातून निघाली नाही. गल्लीत कुणाला ताप आला की जायचे आणि पायावरचं पांघरूण नीट करून यायचे. लोकांना गंमत वाटायची. मला मात्र त्यांच्या नजरेला नजर देणं जड जायचं. मी सांगितलं ते खरंच होतं, पण त्यांना सांगायची काय गरज होती?

यंदा थंडीत ते शेवटचे आजारी पडले. दुपारी गेलो तर कुडकुडत होते. मी पांघरूण त्यांच्या गळ्यापर्यंत घेतलं. त्यांनी टोक धरलं, सर्रकन ओढलं आणि माझ्या हातात दिलं.

"मले नको सर. थे पडून आहे ना. तिच्या आंगावर टाका."

शेजारची खाट रिकामी होती. मी तिच्यावर पांघरूण पसरलं, तेव्हा कुठे ते निजले.