लिब्रादोच्या शेवरोलेतली गार हवा

तेन्चा बाल्देरासने जुन्या गाडीत एसी बसवला, की मालकाला ती लगेच गाडी नेऊ देत नाही. भर दुपारी गॅरेजच्या अंगणात गाडी उन्हात उभी करते, इंजिन चालू ठेवते, काचा वर करते, डॅशबोर्डवर चॉकलेटची वडी ठेवते आणि स्वतः विणकाम घेऊन आत बसते. चॉकलेट मऊ पडलं तर गाडी पुन्हा उघडायची. टणक राहिलं तर ते मालकाला खायला द्यायचं आणि किल्ली हातात ठेवायची.

"धावत्या गाडीला गार कोणीही करेल," ती म्हणते. "तिथे वारा अर्धं काम करतो. उभ्या गाडीला गार करा, मग माझ्याशी बोला."

टेक्सासात हे बोलणं लहान नाही. आमच्या सॅन अँटोनियोत ऑगस्ट महिन्यात कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडण्याआधी विचार करतात. त्यात वेस्ट साइडला जुन्या गाड्यांची हौस, आणि ती हौस मिरवायची चाल गोगलगायीची. आमच्याकडे गाडी पळवणाऱ्याला कोणी विचारत नाही. पायी चालणाऱ्या बाईने आपल्याला मागे टाकलं पाहिजे, तिने वळून गाडी बघितली पाहिजे, तर खरं. अशा चालीत इंजिन तापतं, रेडिएटर उकळतो आणि नव्याने बसवलेला एसी गरम श्वास टाकायला लागतो. म्हणून लोक ह्यूस्टनहूनही तेन्चाकडे येतात. तिचं काम शहराच्या बस डेपोत सुरू झालं. बसगाड्यांची थंड हवा दुरुस्त करणारी तिथली ती पहिली बाई. निवृत्त झाल्यावर तिने घरामागे स्वतःचं गॅरेज काढलं. आता ती सत्तरीला टेकली आहे. केस अजून काळे, रंगवलेले नाहीत असं ती सांगते, आणि मी मान हलवते.

ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून मी तिला ओळखते; ती मला अजून मानाने डोन्या म्हणते. मी तेव्हा तंबूतल्या खेळांत गायचे, नकला करायचे, प्रसंग पडला तर मेलेल्या नवऱ्याची विधवाही व्हायचे आणि मेलेला नवराही. गर्दी, टाळ्या, भुसा पसरलेली जमीन, पेट्रोमॅक्सची फुरफुर. काय दिवस होते! पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. त्या काळात आमच्या वस्तीतलं सगळ्यात मोठं नाटक आमच्या तंबूत होत नव्हतं. ते रस्त्यावर होत होतं, तेन्चाच्या वडिलांच्या गाडीत.

तिचे वडील लिब्रादो बाल्देरास एका लॉन्ड्रीत इस्त्रीच्या यंत्रावर होते. दिवसभर वाफेत उभे. त्यांनी चौपन्न सालची शेवरोले घेतली, हिरवी, वर पांढरं छत. त्या वर्षांत शहरातल्या बड्या हॉटेलांवर निळ्या अक्षरांत पाटी असायची, आत गार हवा आहे. आत जायला गेलं, की दारावरचा माणूस आमचे मेक्सिकन चेहरे बघून जागा नाही म्हणायचा. छप्पन साली लिब्रादो एकदा बायकोला घेऊन गेले होते. परत आले आणि पुढच्या रविवारी त्यांनी गाडीच्या चारही काचा वर केल्या.

गाडीत एसी नव्हता. पण काचा वर असल्या म्हणजे एसी आहे, एवढं तेव्हा सगळ्यांना कळायचं. बायको एलोइसा खांद्यावर लोकरीची शाल घेऊन पुढे बसायची. ऑगस्टमध्ये! मुलांच्या मानेला पावडर लावलेली. "थंडी वाजल्यासारखं बसा," बाप सांगायचा, "आणि हसा." अशी ती गाडी चर्चपासून बाजारापर्यंत हळूहळू जायची. कोणी विचारलं यंत्र कुठे आहे, तर लिब्रादो म्हणायचे, डिकीत. आणि डिकीला कायम कुलूप.

वस्तीने मानलं. लिब्रादो बाल्देरास, आमच्या वस्तीतला पहिला एसीवाला. साठ वर्षं त्यांना ही पदवी होती.

आता लिब्रादो नव्वदी ओलांडून गेलेत. हृदय थकलंय. डॉक्टरांनी उन्हात जायचं नाही असं बजावलंय. दर पंधरा ऑगस्टला, माता मेरीच्या सणाला, आमच्या चर्चची मिरवणूक निघते, पुढे फुलांनी सजवलेल्या ट्रकवर माता मेरी आणि मागे वस्तीतल्या जुन्या गाड्या. लिब्रादोंची शेवरोले त्यात पहिली असायची. गेल्या वर्षी त्यांनी मिरवणूक खिडकीतून पाहिली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गाडीचा तळ गंजला होता, म्हणून तेन्चाने ती पूर्ण उघडून नव्याने उभी करायला घेतली. एका रविवारी आम्ही तिच्या ओट्यावर बार्बाकोआ, म्हणजे वाफेवर शिजवलेलं मांस, खात बसलो होतो, तेव्हा तिने विषय काढला.

"पापा, पत्रे उघडलेच आहेत. एसी बसवून टाकते. मिरवणुकीत आरामात बसाल."

"नको."

"का नको?"

"आहे ना."

"काय आहे?"

"एसी."

तेन्चाने माझ्याकडे पाहिलं. मी टॉर्टियाकडे पाहिलं.

"पापा, इथे सगळी घरचीच माणसं आहेत."

"अंपारो घरची नाही."

"लिब्रादो," मी म्हटलं, "त्या गाडीत बसून मी एकदा तंबूपर्यंत आले होते. उतरले तेव्हा माझ्या रंगवलेल्या भुवया गालावर आल्या होत्या. मला नका सांगू."

म्हाताऱ्याने तोंड पुसलं. "बसवलास, की निकानोर विचारेल, आधीचा कुठे गेला."

निकानोर सालदाना म्हणजे तेन्चाच्या बाप्तिस्म्याचे धर्मपिता, तिचे पाद्रीनो. त्या नात्याने दोघे म्हातारे एकमेकांना कोम्पाद्रे म्हणतात आणि त्याच नात्याने एकमेकांचं काही चालू देत नाहीत.

"सांगू बिघडला म्हणून."

"माझी वस्तू बिघडत नाही."

शेवटी तोडगा निघाला. तेन्चाने एसी बसवायचा, पण दिसता कामा नये, आणि कोणाला सांगायचं नाही. विचारलं तर तो छप्पन सालापासून आहे. म्हाताऱ्याने तिच्याकडून तसा शब्द घेतला.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसायचे. तिचं काम बघणं म्हणजे चांगल्या नटीला आरशासमोर बघण्यासारखं. जुन्या गाडीची वीज सहा व्होल्टची, तिच्यावर एसीचा पंखाही धड फिरत नाही. तिने सगळी वायरिंग बारा व्होल्टची केली, थेट हॉर्नपर्यंत. कॉम्प्रेसर बसवायला या इंजिनाला जागाच नव्हती, तर स्वतः जाड पत्रा कापून त्याचा आधार बनवला, चार वेळा फेकला, पाचव्यांदा बसला. रेडिएटर रुंद केला, पुढे दोन विजेचे पंखे लावले, छताखाली आणि गालिच्याखाली उष्णता अडवायला लोकरीचा जाड नमदा अंथरला. आणि डॅशबोर्डला एकही नवं भोक पाडलं नाही. हवा जुन्या रेडिओच्या जाळीतून येते. बटण राखदाणीच्या मागे. तुम्ही गाडीत तासभर बसलात तरी थंडी कुठून येते ते सापडणार नाही.

डिकीचा तळ खरवडताना ती एकदम जमिनीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"डोन्या अंपारो, इकडे या. हे बघा."

मागच्या चाकांच्या वर तारेने बांधलेला कॉफीचा डबा होता, गंजून लाल झालेला. बुडाला सुईएवढं भोक. वरून एक रबरी नळी डिकीत गेलेली, पाणी ओतायला. खरा एसी चालला की गाडीखाली पाणी ठिबकतं. लिब्रादोंनी तेही ठिबकवलं होतं.

आम्ही त्यांना विचारलं. ते अजिबात लाजले नाहीत. "निकानोर वाकून बघायचा. थेंब पडल्याशिवाय मानत नव्हता."

मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मनापासून.

पण तेन्चाचं हसू टिकलं नाही. गॅरेजच्या भिंतीवर तिने केलेल्या प्रत्येक गाडीचा फोटो आहे. हात पुसत ती त्या भिंतीकडे बघत राहिली.

"इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नाही, डोन्या. परक्यांच्या गाड्या केल्या, त्यांचे फोटो लावले. बापाची केली, तर तीच केली म्हणून सांगायचं नाही."

"मग दिलेला शब्द मोड."

"पापांचं ते एवढंच आहे," ती म्हणाली आणि पुन्हा गाडीखाली शिरली.

पंधरा ऑगस्टला ऊन असं होतं, की डांबराला चपला चिकटत होत्या. तेन्चा गाडी चालवत होती, शेजारी लिब्रादो, पांढरा शर्ट, गळ्यात रेशमी रुमाल. मी मागे, टिकल्यांची शाल घेऊन, कारण मिरवणूक म्हणजे प्रयोगच की. पावलापावलाने आम्ही ट्रकच्या मागे निघालो. काचा वर. आत अशी थंडी की मला खरोखर शाल लागली. लिब्रादो दोन्ही बाजूंना हात हलवत होते, आणि त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

बेकरीच्या कोपऱ्यावर मिरवणूक थांबली. तिथे फुटपाथवर घडीच्या खुर्चीत निकानोर बसले होते, हातात चिंचेचा बर्फाचा गोळा. त्यांनी काठीने काचेवर टकटक केलं.

"कोम्पाद्रे! जिवंत आहेस?"

"आत ये आणि बघ."

निकानोर मागे माझ्याशेजारी बसले. दार लावलं. त्यांनी हवा चेहऱ्यावर घेतली, डोळे मिटले, गोळा एकदा चोखला.

"अरे वा," ते म्हणाले. "छप्पन सालचं यंत्र, आणि अजून चालतंय! याला म्हणतात काम. आजकालच्या मेकॅनिकांना हे कधी जमायचं नाही. हो की नाही गं, तेन्चा?"

तेन्चाचे हात स्टिअरिंगवर होते. ती समोर बघत म्हणाली, "हो, पाद्रीनो."

लिब्रादो पुढच्या ट्रकच्या दिव्यांकडे बघत राहिले. मग मुलीच्या हातांकडे बघितलं. बोटाच्या पेरावर अजून पट्टी होती, पत्रा कापताना लागलेली.

"गाडी थांबव," ते म्हणाले.

"पापा, थांबलेलीच आहे."

"छप्पन साली काही नव्हतं, निकानोर. डिकीखाली एक कॉफीचा डबा होता. ही हवा आजची आहे. हिने केली."

निकानोरांनी गोळा संपवला, काडी खिशात घातली.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तुझी पोरं माझ्या दारात उतरायची तेव्हा उकडलेल्या कोळंबीसारखी लाल असायची, गाढवा. एलोइसाला मी दोनदा लिंबूपाणी पाजून शुद्धीवर आणलंय."

"साठ वर्षं बोलला नाहीस?"

"एवढा जीव तोडून नाटक करत होतास. अर्ध्यातून उठून जाणं बरं दिसलं असतं का?"

लिब्रादोंचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, आणि मग त्यांनी काच पूर्ण खाली केली. सगळी थंड हवा रस्त्यावर.

"पापा, काच! डॉक्टर काय म्हणालेत?"

"बॉनेट उघड."

"मिरवणुकीत?"

"उघड म्हणतो ना, पोरी." आणि खिडकीतून मान बाहेर काढून, लॉन्ड्रीतल्या वाफेवर मात करणाऱ्या त्या जुन्या आवाजात ते ओरडले, "इकडे या रे सगळे! एसी बघा! माझ्या मुलीने बसवलाय. हिने स्वतः! आधी नव्हता, मी खोटं सांगत होतो. या, बघा!"

लोक आले. मागच्या गाड्यांतून उतरून आले, बेकरीतून पिठाच्या हातांनी आले. ट्रकवरची माता मेरी पुढे निघून गेली आणि पाद्री मागे वळून बघायला लागले, तरी कोणी हॉर्न वाजवला नाही. तेन्चा बॉनेटपाशी उभी राहिली. आधी मान खाली होती. मग कोणीतरी विचारलं, या इंजिनाला कॉम्प्रेसर टेकवला कशावर, आणि तिची मान वर झाली. ती सांगायला लागली, पत्रा कसा कापला, आधार चार वेळा का फेकला. माझ्यासारख्या बाईने हजार रात्री प्रेक्षक पाहिलेत. इतके शांत क्वचितच पाहिले. गाडीत लिब्रादो निकानोरांच्या गुडघ्यावर थापा मारत होते, ऐक, ऐक, आता पंख्यांचं सांगेल.

"हात नका लावू," तेन्चा कोणालातरी म्हणाली, "तापलंय. आणि पापा, आता तरी ती काच वर करा."