विजेसाठी तार गुंडाळणारी मावशी

माझ्या मावशीनं बावीस वर्षं जळालेल्या मोटारी भरल्या, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळली. पंपाच्या, पंख्यांच्या, गिरणीच्या. पुढे लोक जळकी मोटार फेकून नवी घ्यायला लागले, ती कामाला होती ते दुकान बंद पडलं आणि बावन्नाव्या वर्षी ती घरी बसली. "हात नुसते शिवशिवतात गं," म्हणायची.

गावाबाहेरच्या टेकडीवर विजेचा अभ्यास करणारं एक केंद्र आहे. ढग भरून आले की तिथून छोटं रॉकेट सोडतात. त्याच्यामागे केसासारखी बारीक तांब्याची तार उलगडत जाते. तारेचं खालचं टोक जमिनीला जोडलेलं. तार पुरेशी उंच गेली की वीज तिच्या वाटेनं ठरल्या जागी उतरते आणि मोजता येते. पण त्या वर्षी तार दरवेळी मध्येच तुटायची. अकरा रॉकेटं वाया गेली. शेवटी तिथल्या एका तंत्रज्ञाला मावशी आठवली; त्याच्या घरचा पंप तिनंच भरला होता.

मावशीनं आधी तुटलेली तार मागितली. बोटांतून फिरवून पाहिली. "तार चांगली आहे," ती केंद्राच्या प्रमुख मॅडमना म्हणाली. "गुंडाळताना कुठं घट्ट, कुठं सैल झालीय. सुटताना वेटोळं अडकतं आणि हिसका बसतो."

तिनं केंद्रातलं तार गुंडाळायचं यंत्र बाजूला ठेवलं. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीच्या, घडीतून तार ओढून घेत, एकसारख्या ताणानं, तीन दिवसांत चार रिळं हातानं भरली.

पाचव्या दिवशी दुपारी आभाळ दाटलं. सगळे विजेपासून जपणाऱ्या पत्र्याच्या बंद खोलीत कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसले. मॅडमनी बटण दाबलं. रॉकेट सूंकन गेलं आणि दोन श्वासांत वीज उतरली, तारेच्या वाटेनं, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. खोली हादरली.

"तार?" मावशीनं विचारलं.

"वाफ झाली. काम करून गेली." मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले. "कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

त्या रविवारी मावशी विजेचा फोटो घेऊन दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांकडे गेली. बाईला हे काम जमायचं नाही, असं सगळे म्हणत असताना त्यांनी तिला शेजारी बसवून शिकवलं होतं. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला.

"कुठं तुटली नाही ना?"

"नाही काका. तुम्ही शिकवलंत म्हणून…"

"आभार कसले मानतेस. चहा ठेव."

मावशी सांगते, चहा ठेवताना तिला पातेलं नीट दिसत नव्हतं.