नाडी न धरलेल्या गोळ्या

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका तांदूळ गिरणीत शेवंताबाईच्या हाताला मोठा मान होता. मूठभर तांदूळ तळव्यावर घ्यायची, अंगठ्यानं दाबायची आणि ओला की वाळलेला ते सांगून मोकळी व्हायची. हात लावल्याशिवाय ती कशालाच बरं म्हणत नसे. तोंडानं मात्र फटकळ. गिरणीचा मुनीमही तिच्या वाटेला जात नसे.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. तिचा नवरा टिकाराम त्याच गिरणीत पोती उचलायचा. खोकल्यानं तो वाळत चालला, तेव्हा आधी राजेगावचा वैद्य करून झाला. वैद्य डोळे मिटून नाडी धरायचा, काय खाल्लं, झोप लागली का, सगळं विचारायचा. गुण काडीचा आला नाही. शेवटी शेवंताबाईनं नवऱ्याला बालाघाटातल्याच मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर हुशार होता, सगळेच सांगत. माणसाच्या तोंडाकडे पाहायला मात्र त्याला कोणी शिकवलं नसावं. छातीचा फोटो उजेडात धरला आणि मान वर न करताच म्हणाला, "टीबी है. गोलियाँ खाते रहना, छोड़ना मत. अगला!"

बाहेर आल्यावर शेवंताबाईचं डोकं फिरलं. "नाडी तं धरलीच नाही यानं! मंग रोग कसा समजला? दुसऱ्याच कोणाच्या गोळ्या असन ह्या."

"फोटू पाह्यला ना त्यानं," टिकाराम म्हणाला.

"फोटूले खोकला येते का?"

टिकाराम खोकत खोकत तिच्या मागून चालू लागला. लग्न झाल्यापासून तो असाच चालत आला होता. गोळ्या मिठाच्या मडक्यामागे पडून राहिल्या. डॉक्टर दोन शब्द नीट बोलला असता, तर या बाईनं त्या नवऱ्याच्या घशात कोंबल्या असत्या. मला त्या डॉक्टरचा अजून राग येतो.

भात कापणीला आला तेव्हा टिकारामच्या तोंडून रक्त पडलं. शेवंताबाईनं त्याला सायकल रिक्षात घालून त्याच डॉक्टरकडे आणलं. गोळ्यांची पुडी तशीच, न सोडलेली, तिच्या हातात होती.

"खाई क्यों नहीं?" डॉक्टरनं पहिल्यांदा मान वर केली.

"तुम्ही नाडी पाह्यलीच नाही, साहेब."

डॉक्टर टेबलामागून उठला. बाकावर निजवलेल्या टिकारामजवळ बसला, मनगट धरलं आणि बराच वेळ धरून राहिला. मग तो हात त्यानं हळूच टिकारामच्या छातीवर ठेवला.

"नहीं रहे, बाई."

शेवंताबाईला रडू आलं नाही. तिनं पुडी पुढे केली.

"आता धरली नं नाडी," ती म्हणाली. "आता द्या गोळी."