चौकशीचे फोन

आमच्या एम.एस्सी.च्या वर्गातल्या कोणाचं पुढे काय झालं, हे मला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्यांच्या सख्ख्या भावंडांनाही नसेल. यात माझी हुशारी काही नाही. बाकीचे नागपूर-पुण्याकडे पांगले आणि मी मेहकरला राहिले, एवढंच. पण मुलामुलींची लग्नं जुळवायची वेळ आली की सगळ्यांना आपला बुलढाणा जिल्हा आठवतो. मग समोरच्या घरचे विचारतात, तुमच्या ओळखीचं इकडे कोण? आणि कोणीतरी माझं नाव सांगतं. ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई आहे, म्हणजे सांगेल ते खरंच सांगेल, असा लोकांचा समज.

चौकशीच्या फोनची एक चाल असते. माणूस आधी तब्येत विचारतो, मग पाऊसपाणी, मग सोयाबीनचा भाव. एवढं झालं की घसा खाकरतो आणि म्हणतो, ‘ताई, एका घरची जरा माहिती पाहिजे होती.’ उत्तराची भाषाही ठरलेली. घर चांगलं असेल तर म्हणायचं, ‘डोळे मिटून करा.’ नसेल तर, ‘आमचं त्यांच्याकडे जाणं-येणं तसं कमीच आहे हो.’ समजणारा तेवढ्यावर समजतो आणि दुसरं स्थळ बघायला लागतो. ही भाषा मला पूर्वी येत नव्हती. सुरुवातीच्या एका फोनवर मी एका गृहस्थांबद्दल ‘पितात’ असं सरळ सांगून टाकलं, तर त्यांच्या घरचे पुढे एका लग्नाच्या पंगतीत आमच्याकडे पाठ करून बसले. तेव्हापासून नवऱ्याने माझी शिकवणी घेतली.

या फोनांबरोबर मोबाइलवर बायोडाटे येतात आणि मुलांच्या बायोडाट्यांतून मला माझा वर्ग भेटतो. लग्न हे कसं थोतांड आहे यावर एकजण मेसमध्ये भाषणं ठोकायचा. ताटातलं वरण निवून जायचं, तरी थांबायचा नाही. त्याच्या मुलाच्या बायोडाट्यात अपेक्षा लिहिल्या होत्या: गोरी, उंच, पुण्यात नोकरी, एकुलती असल्यास प्राधान्य. मी एकटीच हसत बसले. परीक्षेला माझ्या मागे बसून आकृत्या उतरवणारा आता बियाणांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. वर्गातली सगळ्यात लाजाळू मुलगी पुण्याला सोसायटीची अध्यक्ष आहे. ती फोनवर आता ‘मला-तुला’ करते, पण चिडली की ‘मले’ बाहेर पडतंच, आणि तेव्हा ती मला फार आवडते. एकदा मात्र एका मुलीच्या बायोडाट्यात वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ दिसलं. सहलीला चिखलदऱ्याच्या घाटात अख्ख्या बसला गाणी म्हणायला लावणारा आमचा मित्र तो. तो गेल्याचं मला असं कळलं. त्या लोकांना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

एकीची बातमी मात्र या मार्गाने कधी आली नव्हती. ती सोनाळ्याची. अमरावतीला हॉस्टेलच्या एकाच खोलीत आम्ही दोघी राहायचो. अभ्यासासाठी गोळा केलेल्या वनस्पती वर्तमानपत्रात दाबून वाळवाव्या लागत, त्या ती स्वतःच्या गादीखाली ठेवायची आणि जागा संपली की माझ्या. कूस बदलली की खालून कागद कुरकुरायचे. घरून येताना ती संत्री आणायची, मग आठवडाभर आमच्या खोलीत पुस्तकांनाही संत्र्याचा वास. ती सगळ्या वर्गात हुशार होती. पहिली आली तेव्हा ती गावी होती, म्हणून तिचे पेढे मी वाटले, आणि वाटताना मिरवलेही मीच.

मी तेव्हा भारी फटकळ होते. मेसच्या काकूंना तोंडावर म्हणाले होते, वरणात डाळ शोधावी लागते. सरांनी फळ्यावर झाडाचं नाव चुकीचं लिहिलं की सगळा वर्ग खाली बघायचा आणि मी उभी राहायची. ती मला बाहीला धरून खाली ओढायची आणि खोलीवर आल्यावर म्हणायची, ‘तुह्या पोटात काही राह्यत नाही वं. पण एक बरं हाय, तुले इचारलं की खरं समजते.’

लग्न होऊन ती धामणगाव बढेला गेली. तिथे नवऱ्याने एकदा हात उचलला. दुसऱ्यांदा उचलतो का, हे बघायला ती थांबली नाही. मुलीला कडेवर घेऊन सकाळच्या एसटीने सोनाळ्याला आली ती कायमची, आणि पुढे कायद्यानेही मोकळी झाली. काही वर्षं तिने एका विनाअनुदानित शाळेत शिकवलं. मग भावाच्या संत्र्याच्या बागेला लागून स्वतःची रोपवाटिका काढली, आता संत्र्याची कलमं बांधून विकते. हे सगळं मला तिच्या आतेबहिणीकडून कळलेलं. स्वतः फोन करू, करू म्हणत वर्षं गेली. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती आहे, पण कधी काही लिहीत नाही.

मागच्या दिवाळीनंतर जानेफळच्या एका गृहस्थांचा फोन आला. भाच्यासाठी त्यांनी मुलगी पाहिली होती. तब्येत, पाऊसपाणी, सोयाबीन सगळं झालं आणि ते म्हणाले, ‘ताई, पोरगी सोनाळ्याची हाय. बायोडाट्यात माहितीसाठी तुमचा नंबर देयेल हाय.’

तिची मुलगी! आणि इतक्या वर्षांनी तिने कोणाचा नंबर द्यावा, तर माझा. माझा ऊर भरून आला. त्यांनी आजोळचं घर कसं, मामा काय करतो, वावर किती, सोयरे कोण, सगळं विचारलं आणि मी सगळ्याला भरभरून उत्तरं दिली. शेवटी ते मुद्द्यावर आले.

‘वडलाचं गाव धामणगाव बढे लिहेल हाय. मायलेकी राह्यतात सोनाळ्याले. मंग वडील कुठी असतात?’

मी गप्प झाले. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या सोयीने लावला. ‘नोकरीनं बाहेरगावी असतीन?’

‘हो,’ मी म्हणाले, ‘बाहेरच असतात. तुम्ही डोळे मिटून करा.’

त्यांचा जीव भांड्यात पडला आणि माझाही. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न मी जुळवून दिलं होतं. आता फोन करायला कारणही मिळालं म्हणून मी लगेच तिला लावला. तिने माझा आवाज पहिल्याच शब्दाला ओळखला. आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या हसत होतो. मग मी मोठ्या फुशारकीने सांगितलं की जानेफळकडचं काम झालं, अडचणीचा प्रश्न मी कसा निभावून नेला.

तिचं हसू थांबलं.

‘तू असं काऊन सांगितलं वं?’

‘अगं, मोडलं असतं ना!’

‘मोडलं असतं त मोडलं असतं. म्या घर सोडलं ते चोरून नाही सोडलं. साऱ्या धामणगावानं पाह्यलं. पोरगी त्या घरात जाईन, अन् मंग जनमभर आपल्या बापाची नोकरी सांभायत बसीन? आज काय बदली झाली, उद्या काय सुट्टी नाही भेटली?’

ती पुढे म्हणाली, ‘नातेवाइकाचे नंबर होते न माह्याजवळ. ते सारे गोड बोलतात. म्हून त तुहा देल्ला. म्हटलं ही तोंडाची फटकळ हाय, आपोआप सांगून टाकते. जे आयकूनही येतीन तेच खरे आपले.’

हे ऐकून मला जी लाज वाटली, ती सांगण्यासारखी नाही. तिच्या डोक्यात मी अजून फळ्यासमोर उभी राहणारीच होते. तिला माझी पुढची बातमी कळलीच नव्हती. मी विचारलं, ‘मुलीला मुलगा आवडलाय का?’

‘आवडला,’ ती म्हणाली. ‘तीन-चार डाव बोलले दोघं. खुश होती पोरगी.’

‘मग नीट विचार कर. अजूनही आपण गप्प राहू शकतो.’

‘तू लाव त्यायले फोन,’ ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला आणि तो न पिता तसाच ठेवला. नवरा म्हणाला, आता कशाला उकरून काढतेस, लग्न झाल्यावर सगळं निवळतं. मी त्याला एक शब्द बोलले नाही, नाहीतर त्या दिवशी आमच्याच घराची चौकशी करायची वेळ आली असती. मग जानेफळला फोन लावला.

‘मी मघाशी सांगितलं ते खरं नाही,’ मी म्हणाले. ‘मुलीच्या वडिलांनी तिच्या आईवर हात उचलला होता. ती स्वतः घर सोडून आली. घटस्फोट झालेला आहे. मुलीला तिने एकटीने वाढवलं.’

मग ते कळवळून म्हणाले, ‘ताई, आता काय करू मी? घरी सांगून बसलो ना. आमच्या बहिणीनं चार ठिकाणी फोनबी लावले.’

‘पुन्हा लावायला सांगा.’

‘असं करा,’ त्यांनी आवाज खाली आणला, ‘तुम्ही सांगितलं नाही, मी आयकलं नाही. पोरगी चांगली हाय, मले मान्य हाय. नुसतं लोकाले सांगाले एक गोष्ट पाहिजे असते.’

माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यांना खरंच ते लग्न व्हावंसं वाटत होतं. मलाही वाटत होतं, त्यांच्यापेक्षा जास्त. नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं.

‘नाही,’ मी म्हणाले, ‘तुम्ही ऐकलं आहे.’

दोन-तीन दिवसांत निरोप गेला की पत्रिका जुळत नाही. ज्यांच्या बायोडाट्यात ‘पत्रिका पाहत नाही’ असं ठळक अक्षरात छापलेलं होतं, त्यांचा. मैत्रिणीने मला तेवढंच कळवलं. पोरगी कशी आहे विचारलं तर म्हणाली, ‘रडते. जेवत नाही नीट.’ तिच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता, पण मला तो असता तर बरं वाटलं असतं. मी त्या दिवसांत वर्गावर शिकवताना दोनदा विसरले की काय शिकवत होते. खरं बोलून मोठं समाधान मिळतं असं ज्यांनी लिहून ठेवलंय, त्यांनी कोणाच्या मुलीचं लग्न मोडलेलं नसावं.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मला वाटलं, पुन्हा कोणाची तरी चौकशी. पण पलीकडे मुलीचा आवाज होता, हुबेहूब हॉस्टेलमधल्या माझ्या मैत्रिणीचा.

‘मावशी, मी बोलतेय सोनाळ्याहून.’

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, ‘ते राहू द्या. मले एकच गोष्ट इचारायची हाय. तुम्ही दोनदा बोललात ना त्यांच्याशी?’

‘हो.’

‘माह्याबद्दल काय इचारलं त्यायनं?’

मी दोन्ही फोन आठवले. आजोळ विचारलं होतं. मामा, वावर, सोयरे, बापाचा पत्ता. पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा आठवून पाहिलं. एखादा तरी प्रश्न सापडावा म्हणून माझी धडपड चालली होती, कारण पलीकडची मुलगी श्वास रोखून थांबली होती. आणि तेव्हाच लक्षात आलं, त्या दिवशी तिच्या आईशी बोलताना मीही विचारलं नव्हतं. ही मुलगी काय शिकली, काय करते, तिला काय आवडतं, मला काहीच माहीत नव्हतं.

‘काहीच नाही गं,’ मी म्हणाले. ‘एक शब्दही नाही विचारला.’

मागून कुठेतरी पाण्याची मोटर चालल्याचा आवाज येत होता.

‘मंग बरं झालं,’ ती म्हणाली.

‘आता मी विचारते,’ मी म्हणाले. ‘तू काय करतेस?’

ती सांगायला लागली.